गुरगुट्या भात: तांदूळ, पाणी, आच आणि मेतकूट

मऊ भाताच्या नावाखाली बहुतेक घरांत तीनपैकी एक प्रकार वाढला जातो. सकाळचा उरलेला मोकळा भात पाणी घालून कालवलेला, कुकरला दोन शिट्ट्या जास्त देऊन लगदा केलेला, नाहीतर मिक्सरमधून फिरवून चिकट खळ झालेला. तिन्ही गिळता येतात, पण तापातून उठलेल्या माणसाला दोन घासांत नकोसे होतात. मग "त्याला खाणंच जात नाही" असं म्हणत दोष आजाराला दिला जातो.

गुरगुट्या भाताची ओळख सोपी आहे. शितं फुलून फुटायच्या बेताला आलेली असतात आणि त्यांच्याभोवतीचं पाणी दाटसर होऊन त्यांनाच धरून राहतं. वाटी कलंडवली तर पाणी पुढे आणि भात मागे असं होत नाही, सगळं एकत्र सरकतं. हे जमायला एकच गोष्ट लागते: तांदूळ पहिल्यापासून भरपूर पाण्यात, मंद आचेवर, सावकाश शिजला पाहिजे. शिजलेल्या भातात मागाहून ओतलेलं पाणी त्याच्याशी मिळून येत नाही. बाकी सगळं या एका गोष्टीभोवतीचं आहे.

## १. कुणासाठी करताय ते आधी ठरवा

पातेलं काढण्याआधी हा प्रश्न, कारण दाटपणा, मीठ, तूप आणि मेतकूट चारही त्यावर ठरतात.

ताप किंवा पोट बिघडल्यावर: सरसरीत, कोमट, मीठ बेताचं, तूप अर्धा चमचा. जुलाब चालू असतील तर भाताबरोबर ओआरएस वेगळं द्यावंच लागतं, पातळ भाताने त्याचं काम होत नाही. लघवी कमी झाली, सुस्ती आली, शौचातून रक्त दिसलं तर स्वयंपाकघरातले उपाय थांबवून दवाखाना गाठा.

दाढ काढल्यावर किंवा तोंड आल्यावर: कोमटाहून गरम नको. मेतकुटातली मिरची झोंबते आणि रवाळ कण जखमेत अडकतात. इथे नुसता भात, मीठ, तूप.

बाळासाठी: सहा महिने पूर्ण झाल्यावरच. वर्षाच्या आत मीठ नाही, साखर नाही. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे भाताच्या वरचं पाणी गाळून तेवढंच पाजणं. त्या पाण्याने बाळाचं इवलंसं पोट भरतं, अंगाला मात्र फारसं काही लागत नाही. चमचा तिरका केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत दाट भात, त्यात मुगाची डाळ आणि थोडं तूप, हे बाळाचं जेवण.

गिळताना ठसका लागणाऱ्या वयस्कर माणसासाठी: इथे मिळून येण्याला फार महत्त्व आहे. पाणी वेगळं आणि शितं वेगळी असा भात त्यांच्यासाठी धोक्याचा असतो. पाणी आधी घशात उतरतं, शितं मागे राहतात आणि ठसका लागतो. एकजीव, घोटलेला भात, लहान चमचा, पाठ सरळ. ठसका रोजचा असेल तर डॉक्टरांना दाखवून मगच काय खायला द्यायचं ते ठरवा.

मधुमेह असेल तर: जास्त शिजलेला मऊ भात साखर मोकळ्या भातापेक्षा लवकर वाढवतो. तांदूळ कमी, मुगाची डाळ जास्त, वाटी लहान.

आणि ज्याला काहीही झालेलं नाही, फक्त पावसाळी संध्याकाळ आहे आणि लाड करून घ्यायचे आहेत, त्याला तूप, मेतकूट, भाजलेला पापड, लिंबाचं लोणचं, सगळं माफ.

## २. तांदूळ

इथे चुकलं तर पुढचं काही सावरता येत नाही.

मिळून येणारा, बुटक्या किंवा मध्यम दाण्याचा तांदूळ हवा. आंबेमोहोर पहिल्या पसंतीचा. त्याचा वास हेच आजाऱ्यासाठी निम्मं आमंत्रण असतं. इंद्रायणी सहज मिळतो आणि चिकट असल्यामुळे कमी मेहनतीत जमतो. कोल्हापूरकडे आजऱ्याचा घनसाळ उत्तम. वाडा कोलम चालतो, पण तो स्वभावाने जरा मोकळा, त्याला पाणी आणि वेळ दोन्ही थोडं जास्त द्या.

बासमती नको. त्याचा दाणा लांबीला वाढतो आणि सुटा राहतो. लोक तो मोकळा भात-पुलावाला घेतात तो याच गुणासाठी. भरपूर पाण्यात तो शिजतो, पण पाणी दाटत नाही. सेला बासमती तर अजिबातच नको.

परदेशात इंद्रायणी मिळत नसेल तर जॅस्मिन तांदूळ घ्या, तुकडा मिळाला तर आणखी चांगलं. सोना मसुरीनेही भागतं. सुशीसाठीचा तांदूळ वापरला तर भात फार चिकट होतो, तेव्हा तो निम्मा आणि दुसरा निम्मा असा मिसळा. रिसोट्टोचा तांदूळ वापरू नका, त्याच्या दाण्यात मध्ये कणी राहते.

नवा-जुना हाही मुद्दा आहे. नवा तांदूळ पाणी कमी पितो आणि लवकर चिकटतो. वर्षभर जुना झालेला जास्त पाणी पितो, जास्त फुलतो. म्हणून दुकानातून नवं पोतं आलं की जुनं माप तसंच चालवू नका. पहिल्या दिवशी एक वाटी पाणी बाजूला गरम ठेवा आणि लागेल तसं घाला.

तांदळाची कणी, म्हणजे तुटलेले दाणे, मिळाली तर तुच्छतेने बघू नका. मऊ भाताला ती उत्तम, गॅसही कमी लागतो.

## ३. धुणं आणि भिजवणं

तांदूळ दोनदा धुवा, पुरे. पाणी नितळ होईपर्यंत चार-पाच वेळा चोळून धुण्याची सवय मोकळ्या भातासाठी ठीक आहे. इथे वरचं सगळं पीठ धुऊन टाकलं तर पाणी दाटायला जे हवं तेच मोरीत जातं. हलक्या हाताने धुवा, भिजलेला दाणा चोळला की तुटतो.

मग अर्धा तास भिजवा. घाई असेल तर पंधरा मिनिटं, पण शून्य नको. न भिजवलेला दाणा बाहेरून मऊ होतो तेव्हा आत कच्चा असतो. ती कणी जावी म्हणून आपण आणखी शिजवतो आणि तोवर बाहेरचा भाग विरघळून जातो. चिकट लगद्यात बोचरी कणी लागण्याचं कारण हेच.

तपासणी: भिजलेला दाणा दोन नखांत धरून दाबा. कुठेही कडकपणा न लागता सहज तुटला आणि रंग पांढराफेक दिसला तर तयार. मधोमध काचेसारखी पारदर्शक रेघ दिसत असेल तर अजून दहा मिनिटं.

मुगाची डाळ घालायची असेल तर तीन भाग तांदळाला एक भाग डाळ. कढईत कोरडीच, वास सुटेपर्यंत परता, धुवा आणि तांदळाबरोबर भिजवा. पोट नाजूक असताना तूरडाळ नको.

## ४. भांडं आणि पाणी

जाड बुडाचं, जरा उभट पातेलं घ्या. पसरट भांड्यातून पाणी पटकन उडतं, पातळ बुडाच्या भांड्यात भात लागतो. भांडं तांदूळ-पाण्याच्या निदान दुप्पट उंचीचं हवं, नाहीतर ऊतू जाणं ठरलेलंच.

पाण्याचं माप एक वाटी भिजवलेल्या तांदळासाठी (वाटी भिजवण्याआधी मोजलेली):

- दाटसर गुरगुट्या भात: ४ ते साडेचार वाट्या पाणी
- सरसरीत, आजाऱ्यासाठी: साडेपाच ते ६ वाट्या
- पेज: ८ ते १० वाट्या

वाटी कोणतीही चालेल, फक्त तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजा. डाळ घातली असेल तर तिची मोजदाद तांदळातच धरा आणि अर्धी वाटी पाणी वाढवा.

इथे हमखास फसायला होतं: एका माणसापुरता पाव वाटी तांदूळ लावला की लोक हिशोबाने एक वाटी पाणी घालतात आणि भात करपतो. वाफेने उडणारं पाणी भांड्याच्या तोंडावर आणि वेळेवर ठरतं, तांदूळ किती यावर नाही. अर्ध्या तासात पातेल्यातून जेवढं पाणी उडायचं तेवढं उडतंच, मग आत एक वाटी तांदूळ असो की पाव. म्हणून पाव वाटीला किमान दीड वाटी पाणी, लहानात लहान पातेलं आणि झाकण.

## ५. आचेवर

खरं काम इथे आहे आणि बिघाडही इथेच होतो. स्वतः उभं राहून करायचं काम एकूण दहा मिनिटांचंही नाही, पण ते वेळच्या वेळी व्हायला हवं.

पहिला टप्पा: आधण. मोजलेलं पाणी उकळायला ठेवा. उकळी आली की भिजवलेला तांदूळ निथळून घाला. एकदाच बुडापासून हलवा, म्हणजे तांदूळ तळाशी बसणार नाही. तुपाचे दोन-तीन थेंब आत्ताच टाका, फेस आवरतो. आच मध्यम ठेवा आणि परत उकळी येऊ द्या.

दुसरा टप्पा: आच उतरवणं. परत उकळी आली की लगेच आच बारीक करा, अगदी गॅस विझेल की काय वाटेपर्यंत. झाकण पूर्ण लावू नका. पातेल्याच्या काठावर डाव आडवा ठेवून त्यावर झाकण तिरकं टेकवा. जुन्या घरांमध्ये झाकण म्हणून खोलगट ताटली ठेवून तीत पाणी ओततात, ती पद्धत मला सगळ्यात सोयीची वाटते. खालचा फेस थंड ताटलीला लागून बसतो, आणि ताटलीतलं पाणी तापत राहतं. भाताला मध्ये पाणी लागलं तर हेच गरम पाणी हाताशी असतं. फक्त ताटली उचलताना चिमट्याने, सांभाळून.

आता कान द्या. रटरट आवाज येत असेल तर आच जास्त आहे. दाणे एकमेकांवर आपटून टोकं झडतात, पाणी पिठूळ होतं आणि तळाला लागतं. हवा असतो तो सावकाश गुडगुडण्याचा आवाज, अधूनमधून वर येणारा एखादा बुडबुडा. आवाजच नसेल तर आच फार कमी आहे; तांदूळ नुसता गरम पाण्यात बसून राहील आणि फुलणार नाही.

पहिली दहा-बारा मिनिटं हलवू नका. मध्येमध्ये झाकण काढून डाव फिरवायचा मोह सगळ्यांना होतो. अर्धवट शिजलेला दाणा ढवळला की तुटतो.

तिसरा टप्पा: पाणी दाटायला लागणं. पंधराव्या मिनिटाच्या आसपास वरचं पाणी दुधाळ दिसू लागतं आणि दाणे तरंगल्यासारखे वर येतात. आता मीठ घाला. आणि आता, दर तीन-चार मिनिटांनी, डाव तळाला टेकवून एकदा सावकाश फिरवा. गोल गोल घुसळायचं नाही. तळ मोकळा करायचा, बस.

पाणी कमी वाटलं तर गरमच घाला. गार पाण्याने शिजणं थांबतं, दाणा आणि पाणी वेगळे पडतात आणि मग कितीही शिजवलं तरी तो पहिल्यासारखा मिळून येत नाही. मऊ भात बिघडण्याच्या कारणांत हे मी सगळ्यात वर ठेवेन, कारण गार पाणी नळाला असतं आणि गरम पाणी आधी ठेवावं लागतं.

एकूण वेळ भिजवलेल्या इंद्रायणीला २५ ते ३० मिनिटं, कोलमला ३५. घड्याळापेक्षा दाणा बघा.

तपासणी: दोन-तीन शितं बोटांत घेऊन अंगठ्याने दाबून सरकवा. मध्ये टिपका न लागता पसरली तर झालं. शितं दाबली तरी गोल गोल घरंगळत असतील तर अजून पाच मिनिटं.

इंडक्शनवर किंवा विजेच्या शेगडीवर करणाऱ्यांसाठी एक सूचना. विजेची तबकडी बटण फिरवल्यावर लगेच थंड होत नाही, त्यामुळे दुसऱ्या टप्प्यात पातेलं दोन मिनिटं बाजूला उचलून ठेवा आणि मग बारीक आचेवर परत ठेवा. इंडक्शनची सगळ्यात कमी पायरी अनेकदा चालू-बंद अशी काम करते. चालू असताना रटरटत असेल तर खाली तवा ठेवून उपयोग नाही, तांदळात एक वाटी पाणी वाढवा आणि झाकण अर्धं उघडं ठेवा.

## ६. घोटणं आणि मुरवणं

गॅस बंद करायची वेळ म्हणजे भात तुम्हाला हवा त्याहून जरा पातळ असतानाची. झाकून ठेवलेल्या दहा मिनिटांत तो आणखी पाणी पितो. पातेल्यात नेमका हवा तेवढा दाट दिसला तर ताटात तो गोळा होऊनच येणार.

दहा मिनिटं पूर्ण झाकून मुरू द्या. मग डावाच्या पाठीने, पातेल्याच्या कडेला दाबत, आठ-दहा वेळा घोटा. रवी नको, ब्लेंडर तर नकोच. पातं फिरलं की भातातला सगळा स्टार्च एकदम सुटून खळ तयार होते, जिभेला ती ओशट-चिकट लागते. बाळाला अगदी गुळगुळीत हवा असेल तर पुरणाच्या बारीक चाळणीतून भात दाबून काढा.

बिघडल्यावर काय करता येतं:

*तळाला लागला.* हलवू नका, खरवडू नका. वरचा भात हलक्या हाताने दुसऱ्या पातेल्यात काढा, तळचा दोन बोटं थर तसाच सोडा. वासाची शंका असेल तर आजाऱ्याला देऊ नका; नाक बिघडलेलं असलं तरी करपट चव लगेच कळते.

*फार पातळ झाला.* झाकण काढून बारीक आचेवर ठेवा, तळ मोकळा करत राहा. तांदळाची पिठी कालवून लावण्याची शक्कल सुचते, पण मग ते पिठलं होतं.

*फार दाट झाला.* अर्धी वाटी उकळतं पाणी, चिमूटभर मीठ, दोन मिनिटं मंद आच. ताटात पाणी ओतून कालवू नका.

*कणी राहिली.* पाऊण वाटी उकळतं पाणी घालून घट्ट झाकण लावा, सात-आठ मिनिटं सगळ्यात बारीक आच, मग दहा मिनिटं बंद.

## कुकरमध्येच करायचा असेल तर

ऑफिसला जाणाऱ्या माणसाने सकाळी अर्धा तास पातेल्याकडे लक्ष ठेवून राहावं असं कुणी म्हणणार नाही. कुकरमध्येही चांगला होतो, फक्त थेट कुकरमध्ये नको, आतल्या डब्यात लावा. थेट लावलेल्या पातळ भाताचा फेस शिटीत अडकतो, वाफेची वाट तुंबते आणि ते धोक्याचं आहे. डबा निम्म्याच्या वर भरू नका. हा नियम मोडला की कुकरच्या तळाशी पेज आणि डब्यात कोरडा भात मिळतो.

एक वाटी भिजवलेल्या तांदळाला डब्यात साडेतीन ते चार वाट्या पाणी, थेंबभर तूप, डब्यावर ताटली. मध्यम आचेवर दोन शिट्ट्या, मग आच बारीक करून आठ मिनिटं, आणि वाफ आपोआप उतरू द्या. शिटी चमच्याने उचलून वाफ सोडली तर आतला पातळ भात उसळतो आणि फेस वाफेबरोबर बाहेर फवारला जातो. झाकण उघडलं की मीठ आणि अर्धी वाटी उकळतं पाणी घालून घोटा, डबा दोन मिनिटं गॅसवर ठेवा. ही शेवटची दोन मिनिटं टाळली की कुकरचा भात कुकरचाच लागतो.

विजेच्या राइस कुकरला पॉरिजची सोय असेल तर पाण्याचं माप पेजेचं घ्या आणि त्याला त्याचं काम करू द्या.

## ७. मेतकूट

विकतचं मेतकूट वाईट नसतं, पण बहुतेकदा त्यात मिरची जास्त आणि वास कमी. घरी करायला एक तास पुरतो.

साहित्य: चणाडाळ १ वाटी, उडीदडाळ अर्धी वाटी, मूगडाळ, तांदूळ आणि गहू प्रत्येकी पाव वाटी. धणे २ मोठे चमचे, जिरे १ मोठा चमचा, मेथीदाणे १ लहान चमचा, मोहरी अर्धा लहान चमचा, सुक्या मिरच्या ३-४. वरून हळद १ लहान चमचा, सुंठपूड १ लहान चमचा, हिंग अर्धा लहान चमचा, थोडं किसलेलं जायफळ.

डाळी धुऊ नका, कोरड्या फडक्याने पुसा. धुतलीच तर दिवसभर कडकडीत वाळवा. ओल राहिली तर मेतकूट महिन्याभरात कुबट होतं.

आता भाजणं, आणि इथे क्रम पाळा:

१. गहू आधी. तडतडून फुगेपर्यंत, पाच-सहा मिनिटं.
२. चणाडाळ. सगळ्यात जास्त वेळ खाते, आठ ते दहा मिनिटं मंद आचेवर, बदामी रंग आणि खमंग वास येईपर्यंत.
३. उडीदडाळ, मग मूगडाळ, मग तांदूळ, प्रत्येक वेगवेगळं. उडीदडाळ गुलाबीसर झाली की उतरवा.
४. धणे, जिरे, मिरच्या. एकेक मिनिटच.
५. गॅस बंद करून, कढईच्या उरलेल्या उष्णतेवर मेथी आणि मोहरी.

सगळं एकत्र घालून भाजू नका. चणाडाळ खमंग होईपर्यंत मेथी काळी पडते आणि अख्खा डबा कडू होतो. असा डबा साखर घालून सुधारत नाही. आणि उलट बाजूने, चणाडाळ कच्ची राहिली तर मेतकूट टाळूला चिकटतं आणि नाजूक पोटाला जड जातं.

तपासणी: भाजलेली चणाडाळ थंड झाल्यावर दाताखाली घ्या. कुडकुडीत फुटली पाहिजे. चिवट लागली तर परत कढईत.

सगळं परातीत पसरून पूर्ण थंड करा. गरम दळलं की मिक्सरच्या भांड्यात वाफ धरते, पिठाच्या गुठळ्या होतात आणि टिकत नाही. हळद, सुंठ, हिंग, जायफळ दळतानाच घाला. बारीक दळा, मैद्याच्या चाळणीने चाळा, वर राहिलेला रवा परत फिरवा. मीठ डब्यात घालू नका, मिठामुळे ओल धरते. खाताना भातावर घ्या. कोरड्या काचेच्या बरणीत दोन-तीन महिने चांगलं राहतं, ओला चमचा घालणारा घरात कुणी नसेल तर.

तान्ह्या बाळाला किंवा तोंड आलेल्याला देण्यासाठी हे मेतकूट नाही. लहान मुलांसाठी मिरचीशिवाय वेगळी छोटी बरणी करा.

## ८. वाढणं

भात ताटलीपेक्षा खोलगट वाटीत वाढा, ऊब टिकते. वर तूप, तुपावर मेतकूट, एक लहान चमचा. मेतकूट पातेल्यात घालून शिजवू नका, वास उडतो आणि भात पिठूळ होतो. आजाऱ्याला एका वेळी अर्धी वाटीच द्या. भरलेलं ताट बघूनच मन उडतं, आणि दोन तासांनी परत अर्धी वाटी सहज जाते.

पथ्य संपल्यावर मेतकुटाबरोबर दही कालवा, वर हिंग-मोहरीची फोडणी. तोवर दही, लोणचं, पापड बाजूला.

## पेज वेगळी

कोकणातली आणि गोव्यातली पेज म्हणजे जास्त पाण्याचा गुरगुट्या भात असं समजून केली की फसते. तिच्यात दाणा अखंड राहतो आणि पाणी मुद्दाम मोकळं असतं. म्हणून तांदूळ उकडा घ्यायचा, तोही तांबूस असेल तर उत्तम. दोन-तीन तास भिजवा, १ वाटीला ८ ते १० वाट्या पाणी, झाकण तिरकं, मध्यम-मंद आचेवर पाऊण ते एक तास. मीठ शेवटी. घोटायची नाही. सोबत लोणचं, भाजलेली सुकट किंवा गोव्यात करतात तशी आटवलेली कालची कढी, म्हणजे आदल्या दिवशीचं माशाचं कालवण. ठसका लागणाऱ्या माणसाला पेज देऊ नका, कारण वर सांगितलं तेच.

## ९. उरलेला भात

पातळ भात बाहेर ठेवला की कोरड्या भातापेक्षा लवकर बिघडतो. तांदळात काही जिवाणूंचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष परत उकळूनही जात नाही. "चांगला उकळून देते" हा भरवसा त्यामुळे चुकीचा आहे.

उरलेला भात पसरट डब्यात काढा, म्हणजे लवकर थंड होईल, आणि तासा-दीड तासात फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढाच काढा, उकळतं पाणी घालून वाफा येईपर्यंत गरम करा, आणि गरम केलेला परत फ्रीजमध्ये ठेवू नका. बाळाला आणि आजाऱ्याला मात्र शिळा देऊच नका. पाव वाटी तांदूळ भिजवून ठेवायला एक मिनिट लागतं. रात्री भिजवून फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी पाणी बदलून थेट आधणात घालता येतो, आणि शिजायचा वेळही पाच मिनिटांनी कमी होतो.